पोटात चुना धरलेला बंब

मित्रांनो, रिहे गावच्या हैबतरावांच्या न्हाणीत जो तांब्याचा जुना बंब उभा आहे, तो मीच. हसू नका, पण मी जन्माचा भित्रा आहे. आणि सगळ्यात जास्त भ्यालो, ते माझ्याच पोटाला.

पुण्याच्या तांबट आळीत ठोकून ठोकून मला घडवलं. तेव्हाही घाबरलो होतो, पण हातोडीची सवय होते. हैबतरावांनी मला बैलगाडीत गवतावर आडवा टाकून घरी आणलं. माझ्या मधल्या नळीत ढलप्या पेटवायच्या, भोवतीचं पाणी तापायचं आणि खालच्या तोटीतून कढत धार बादलीत पडायची. तेव्हा ओढ्याचं पाणी असे. हैबतरावांची बायको सारजाबाई मला चिंचेनं आणि राखेनं असं घासायची की पाहुणे माझ्यात तोंड बघून पागोटं सारखं करत. मी मनातून फुगून जायचो.

मग परसात विहीर खणली. पाणी लागलं, सगळे खूश झाले. पण ते पाणी जड निघालं. त्यात डाळ शिजेना, साबणाला फेस येईना. रोज तापताना ते माझ्या आतल्या अंगावर थोडा थोडा चुना ठेवून जाऊ लागलं. बाहेरून मी लखलखीत आणि आत पांढरं कवच. मला आतूनही धुवावं, हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. तोटीची धार करंगळीएवढी झाली, मग सुतासारखी.

एके सकाळी पेटवल्यावर माझ्या पोटात धडधड सुरू झाली. कवचाखाली अडकलेलं पाणी उकळून धक्के देत होतं, हे आज कळतं. तेव्हा वाटलं, आपल्यात कोणीतरी शिरलं. माझी पाचावर धारण बसली. सारजाबाईचीही.

"आवो, बंबात कायतरी बसलंय," ती दारातूनच म्हणाली. "आतनं धडका मारतंय."

"पानी उकळतंय, दुसरं काय?" हैबतराव म्हणाले. पण तेही आत आले नाहीत.

तिनं मला हळदकुंकू लावलं, तोटीला लिंबं बांधली आणि आतलं बाहेर येऊ नये म्हणून झाकणावर वरवंटा ठेवला. पाणी भरण्यापुरता तो उचलायची, तेही तोंड फिरवून. वाफेला वाट राहिली नाही.

त्याच दिवसांत त्यांची लेक जया बाळंतपणाला आली. मुलगी झाली. भीती होती, पण बाळंतिणीच्या घरात कढत पाणी हवंच. सारजाबाई माझ्यापुढं पाय पसरून बसली, पायांवर नात आडवी घेतली आणि तोटी फिरवली. थेंबही येईना. तिनं आणखी फिरवली.

तोटीत अडकलेला चुन्याचा खडा हलत होता. मागून उकळतं पाणी त्याला ढकलत होतं. तो निसटला असता तर धार बादली ओलांडून थेट त्या कोवळ्या अंगावर. ओरडायला मला तोंड नाही. होती ती धडधड. इतके दिवस जिला भ्यालो, ती वाढावी म्हणून मी देवाची करुणा भाकली. ती वाढली. झाकणावरचा वरवंटा खडखड वाजू लागला.

"आये, आदी पोरीला हिकडं दे," खडखड ऐकून धावत आलेली जया म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता तिनं बाळ उचललं. त्याच क्षणी खडा सुटला. जिथं बाळ होतं तिथं उकळतं पाणी आदळलं. सारजाबाईच्या घोट्यावर फोड आले. बाळाला शिंतोडाही उडाला नाही.

हैबतरावांनी खडा उचलून नखानं खरवडला.

"भूत न्हाई, चुना हाय. हिरीचा," ते म्हणाले. "ही लिंबं भाईर टांगून काय व्हनार? आत पिळ."

मग लिंबाचं आणि चिंचेचं आंबट पाणी माझ्या पोटात पुन्हा पुन्हा उकळलं. मऊ झालेला थर लाकडी पट्टीनं खरवडला; तांब्याला भोक पडेल म्हणून लोखंड लावलं नाही. धडधड थांबली.

आता मला नेमानं आतून धुतात. मी गप्प तापतो. पण नातीचं पाणी सारजाबाई चुलीवर पातेल्यात तापवते. जया माहेरी आली की ती पोर रांगत न्हाणीत येते, माझ्या चकाकत्या पोटाला हात लावू बघते आणि सारजाबाई धावत येऊन तिला उचलून नेते. मला फार वाईट वाटतं, पण तिचं काय चुकतं?

मित्रांनो, घरातली वस्तू आतून वाजू लागली तर तिच्यावर दगड ठेवू नका. झाकण काढून आत बघा. माझ्या आत कोणी वेळेवर बघितलं असतं, तर ती पोर आज माझ्या पाण्यानं न्हाली असती.