एकाच घरचे दोन वाटे

रोवणीचे दिवस होते. अड्याळपासून थोडं आत असलेल्या त्या गावात बायका सकाळपासून पाण्यानं भरलेल्या बांधीत वाकून धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, लावत होत्या. सरिताही त्यांच्यात होती. पण तिचं निम्मं लक्ष कडेच्या धुऱ्याकडे होतं. तिथं पळसाखाली तिची सहा वर्षांची श्रावस्ती बसली होती. 'पाण्यात उतरू नको' असं लेकीला किती वेळा बजावलं होतं. पण बाकीची पोरं चिखलात लोळत असताना एकटीनं कोरडं बसून राहणं कोणत्या लेकराला जमतं?

दुपारी श्रावस्ती ओलीचिंब होऊन आली आणि तिच्या मांड्या, पाठ दुखू लागली. बघता बघता दुखणं इतकं वाढलं की कुणी नुसता हात लावला तरी ती किंचाळायची. सरितानं हातातले पऱ्हे टाकले आणि लेकीला उचलून घर गाठलं. नवरा ईश्वर मोटारसायकल काढेपर्यंत सासू मालनबाई ओट्यावरून बोललीच.

"आमच्या घरात असं कोणालेच नव्हतं. हे सारं तुह्या माहेरचं रक्त हाय."

 सरिताचं माहेर करडी गावचं, आणि मालनबाईचंही माहेर तेच. सरिताचे वडील डोमा हे मालनबाईचे सख्खे धाकटे भाऊ. घरची पोरगी घरात राहील, म्हणून मालनबाईनंच भाचीला सून करून आणलं होतं. लग्नानंतर तिनं सरिताला खरंच लेकीसारखं वागवलं. पुढे श्रावस्तीला सिकलसेल हा रक्ताचा आजार निघाला आणि त्या दिवसापासून आत्याची सासू झाली.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात श्रावस्तीला सलाइन लागलं, रक्त चढवलं. दुसऱ्या दिवशी तिला झोप लागल्यावर तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी नवरा-बायकोला समोर बसवलं.

"तुमचं लग्नाआधी काही नातं होतं का?"

"हा माह्या आत्याचा मुलगा आहे," सरिता म्हणाली.

 डॉक्टरीणबाईंनी सावकाश समजावलं. प्रत्येकाला रक्ताचे दोन वाटे मिळतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. एक चांगला आणि एक बिघडलेला असेल, तर चांगला वाटा दुसऱ्याला दाबून ठेवतो. माणूस धडधाकट राहतो, जन्मभर त्याला पत्ताही लागत नाही. पण आई-वडील दोघांकडेही असा लपलेला वाटा असला आणि दोघांचे बिघडलेले वाटेच लेकराच्या पदरात पडले, तर त्याला दाबायला कुणी उरत नाही.

"म्हणजे एकट्या आईकडून हा आजार येत नाही?" सरितानं विचारलं.

"नाही. दोघांकडून यावाच लागतो. तुमच्या बाबतीत तो बहुतेक एकाच आजोबांकडून किंवा आजीकडून आलाय. एक वाटा तुमच्या वडिलांमधून तुमच्याकडे, आणि दुसरा यांच्या आईमधून यांच्याकडे. यात दोष कुणाचाच नाही. फक्त घरातल्या पुढच्या लग्नांआधी दोघांचंही रक्त तपासा."

घरी आल्यावर सरितानं हे जसंच्या तसं आत्याला सांगितलं. मालनबाई धान पाखडत होती. तिचं सूप थांबलं नाही.

"मले काय झालं हाय? या वयातबी दिवसभर निंदण करतो मी. माह्यात बिघडलं असतं तं दिसलं नसतं काय?"

"ते दिसतच नाही, आत्या."

"जे दिसत नाही ते तुह्या डॉक्टरीणबाईलेच बरं दिसलं."

ईश्वर बाजूला उभा होता. सरितानं त्याच्याकडे पाहिलं, तेव्हा तो बैलांना पाणी दाखवायला निघून गेला.

दिवाळीनंतर मालनबाई माहेरी गेली आणि आनंदाची बातमी घेऊन आली. धाकट्या मुलासाठी, विनोदसाठी, तिनं सरिताचीच लहान बहीण हर्षा मागितली होती आणि डोमानं होकार दिला होता. विनोद आणि हर्षा एकमेकांना आधीपासून आवडत होते.

"तुलेबी सोबत होईन," मालनबाई म्हणाली. "श्रावस्तीले सांभाळाले मायेचं माणूस येऊन राहिलं, अन् तू काहून तोंड पाडून बसली?"

सरितानं त्याच आठवड्यात करडी गाठली. लग्नाआधी दोघांचं रक्त तपासा, हे तिचं म्हणणं वडिलांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तपासलं अन् निघालं, तं मंग?" ते म्हणाले. "गावात दोन दिवसात बोभाटा होईन. मंग तिले कोण करन? सांग तू."

"दोघांतून एकाले नसलं तं लग्न कराले काहीच हरकत नाही, बाबा. अन् हर्षाले असलं तरी, ज्याले नाही असा दुसरा मुलगा पाहता येते."

"लोक तेवढं समजून घेत नाहीत, पोरी."

हर्षा रडवेली झाली. "तुले मी तुह्या घरात नको काय, बाई?" एवढंच ती थोरल्या बहिणीला म्हणाली. घरी परतून सरितानं विनोदला सांगितलं, तर तो हसला. "वहिनी, मी धानाचं पोतं एकटा उचलतो. मले कायले सुई टोचता?"

साक्षगंधाच्या दिवशी मांडवात पाहुणे जमले, बुद्धवंदना झाली. अंगठी घालायची वेळ आली तेव्हा सरिता बायकांमधून उठली. 

"आधी दोघांचं रक्त तपासा," ती म्हणाली. "मंग अंगठी घाला. माह्या पोरीचं दुखणं तुम्ही साऱ्यांनी पाह्यलं हाय."

 मालनबाई पुटपुटली, "सख्खी बहीणही खपत नाही हिले." मग डोमा उठले. रागावतील असं सरिताला वाटलं होतं. त्यांनी तिच्यासमोर हात जोडले.

"इतक्या लोकांत माह्या दुसऱ्या पोरीचं नाव खराब नको करू, माय."

बापाचे जोडलेले हात पाहिले आणि सरिता खाली बसली.  ईश्वर पुरुषांमध्ये मान खाली घालून बसला होता. अंगठ्या घातल्या गेल्या, टाळ्या वाजल्या.

लग्नानंतर हर्षाला दिवस गेले तेव्हा दवाखान्यात तिचं रक्त तपासलं. लपलेला वाटा तिच्याकडे होता. नवऱ्याला लगेच घेऊन या, असं तिथं सांगितलं. मालनबाईनं विनोदला जाऊ दिलं नाही. पोट बाईचं, तर तपासणी पुरुषाची कशाला, असं तिचं म्हणणं. विनोदलाही ते सोयीचंच वाटलं. सरिता दोन-तीनदा बोलली, मग थकली.

मुलगा झाला. गोरागोमटा, हसरा. काही महिने सरितालाही वाटू लागलं की आपली भीती फुकटचीच होती.

हिवाळ्यात एका सकाळी मालनबाई नातवाला घेऊन अंगणात आली. पोर रात्रीपासून कुरकुरत होतं.

"पाह्य बरं सरिता, याची बोटं कशी सुजून टरारली हायेत. थंडी बाधली असन का व?"

सरितानं ते इवले हात हातात घेतले. श्रावस्तीचं दुखणंही असंच सुरू झालं होतं. मालनबाई तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली, आणि तिचा स्वतःचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"काय म्हणत होती व ती डॉक्टरीणबाई?" तिनं विचारलं. "सांग एकदा मले."

सरितानं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. या वेळी आत्यानं शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हणजे माह्यातूनबी आलं?"

या प्रश्नाची सरितानं किती वर्षं वाट पाहिली होती. आता त्याचं उत्तर देताना तिला काडीचंही समाधान वाटलं नाही.

"हो आत्या. तुह्यातून, अन् माह्या बाबातून. तुमचा दोघांचा काय दोष? तुम्हालेबी ते दिसत नव्हतं. पण दिसल्यावरबी आपण पाह्यलं नाही."

ओले हात पुसत हर्षा दारात आली आणि दोघींना पाहून तिथंच थबकली.

"काय झालं, बाई?"

भर मांडवात उभ्या राहिलेल्या सरितानं आता बहिणीसमोर पोराचे हात पदरात झाकले. शेवटी मालनबाईच म्हणाली, "पोराले भंडाऱ्याले न्या लागते. विनोदले आवाज दे, त्याचंबी रक्त काढू. अन् मीबी येऊन राहिली. माहं पह्यलं काढा म्हणा."

तिच्या रक्तानं या लेकराचं आता काहीच बदलणार नव्हतं. सरिताला ते ठाऊक होतं. तरी तिनं आत्याला अडवलं नाही. करडीच्या भावकीत अजून लग्नाची पोरं-पोरी होती; आत्याचं पाहून ती तरी आधी रक्त तपासतील.