ट्रेमधला साक्षीदार

"फोनही ट्रेमध्ये ठेवा, काका," तपासणीच्या बाई म्हणाल्या, आणि मिलिग्रॅमच्या सगळ्या हेरगिरीवर तिथल्या तिथे पाणी पडलं.

कालची अख्खी संध्याकाळ त्याने या बेतात घालवली होती. रेकॉर्डिंग चालू करायचं, पडदा काळा करायचा, फोन शर्टाच्या खिशात पेनाशेजारी उभा ठेवायचा, आणि चेहरा असा करायचा की आपण विमानाच्या वेळेचाच विचार करतोय. आरशासमोर त्याने तीनदा सराव केला होता. चौथ्यांदा बायकोने विचारलं होतं, "अहो, दात दुखतोय का?" आणि आता एवढं करून फोन पट्ट्यासोबत, किल्ल्यांसोबत ट्रेमध्ये पडला, रबरी पट्ट्यांचा पडदा हलला आणि ट्रे यंत्राच्या बोगद्यात दिसेनासा झाला. मागोमाग पेटी गेली. मिलिग्रॅम पायांत मोजे आणि मनात चरफड घेऊन रांगेत उभा राहिला.

खरं नाव घरच्या पाटीवर आणि पगाराच्या कागदावर होतं. वजनकाटे तपासून देणाऱ्या कंपनीत मात्र गेली बावीस वर्षं त्याला सगळे मिलिग्रॅमच म्हणत, कारण कोणी "साधारण अर्धा किलो" म्हटलं की हा गृहस्थ शांतपणे विचारायचा, "साधारण म्हणजे किती?" औषधांचे कारखाने, सोनं पारखणारे, प्रयोगशाळा, सगळ्यांचे काटे त्याच्या पेटीतल्या वजनांसमोर उभे राहायचे. पेटी लाकडी, आतून मखमलीची. तिच्यात निकेल चढवलेली बारा पितळी वजनं, सर्वांत मोठं पाचशे ग्रॅमचं. ही वजनं उघड्या हाताने धरायची नाहीत, घासायची नाहीत, धूळ बसली तर मऊ ब्रशने झटकायची. विमानात सामानाबरोबर तर मुळीच टाकायची नाहीत. ती कायम मांडीवर. आणि धातूचे एवढे गोळे यंत्रात काळेकुट्ट दिसत असल्यामुळे दर प्रवासात दर विमानतळावर पेटी उघडली जायची.

आठ दिवसांपूर्वी पत्र आलं होतं. वार्षिक तपासणीत पाचशे ग्रॅमचं वजन नऊ मिलिग्रॅम कमी भरलं, पृष्ठभागावर ओरखडे आहेत, हाताळणीत हलगर्जीपणा दिसतो, पंधरा दिवसांत खुलासा करावा, अन्यथा पेटी आपल्याकडून काढून घेण्यात येईल. तोवर शेरा मारलेली तीच पेटी फक्त दाखवण्यापुरती न्यायची, आणि प्रत्यक्ष काम त्या त्या गावच्या वजनांवर करायचं. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. पेटी गेली की उरलेली दोन वर्षं भांडाराच्या खोलीत याद्या लिहीत बसायचं. मिलिग्रॅमने पत्र वाचलं आणि त्याच्या तोंडचं पाणीच पळालं. हलगर्जीपणा, आणि आपला? मग त्याला एकदम उमगलं की हे काम कोणाचं. दर प्रवासात पेटीत हात घालतं कोण?

"पण सिद्ध कसं करणार?" बायकोने विचारलं होतं.

"रेकॉर्ड करणार. गुपचूप."

"तिथे मनाईची पाटी असते."

"फोटोची. ऐकायला मनाई नाही."

"हे तुम्ही त्यांना सांगा, मी डबा घेऊन भेटायला येईन," बायको म्हणाली, आणि शिलाई मशीनकडे वळली.

तर पहिल्याच फेरीत फोन बोगद्यात गेला. पेटी उघडली, बघितली, बंद झाली. पुढे गेटजवळच्या खुर्चीवर बसून मिलिग्रॅमने निव्वळ खात्री करायची म्हणून फोनचे इअरफोन कानात घातले. घरघर. मग आणखी घरघर. तो बंद करणार एवढ्यात घरघर थांबली आणि अगदी जवळून, कोणी कानाशी येऊन बोलावं तसा त्या बाईंचा आवाज आला.

"पेटीवाले काका आलेत. नवे हातमोजे काढ. वापरलेले नको, रागावतात."

मिलिग्रॅम खुर्चीत ताठ झाला.

"एवढं काय आहे त्यात?" दुसरा, कोवळा आवाज.

"वजनं आहेत. मागे एकदा मी तशीच उचलली, तर असे बघत राहिले जसं काही मी त्यांच्या लेकराला चिमटा काढलाय. ते इकडे येईपर्यंत झाकण उघडायचं नाही. पेटी त्यांनाच उघडू द्यायची."

त्याच्या लक्षात आलं. तो रांगेत मोज्यांवर उभा होता तेव्हा फोन त्याच्या आधी पलीकडे पोचला होता आणि त्यांच्या टेबलाशी पडून सगळं ऐकत होता. आपल्या पाठीमागे लोक आपल्याबद्दल काय बोलतात हे कोणत्या माणसाला कळतं? मिलिग्रॅमला कळत होतं. त्याने तो तुकडा चारदा ऐकला, आणि शेजारच्या प्रवाशाने विचारलं, "काही चांगली बातमी का?" खरं तर बातमी त्याच्या सोयीची नव्हती. बाई तर अगदीच सालस निघाल्या. पण युक्ती सापडली होती, आणि या आठवड्यात दोन प्रवास असल्यामुळे अजून तीन तपासण्या बाकी होत्या.

परतीच्या वाटेवर, दुसऱ्या गावच्या विमानतळावर, काही मिळालं नाही. घरून पुन्हा निघताना त्याच बाई होत्या, हातमोजे घालूनच. मिलिग्रॅमला त्यांचा चक्क राग आला. माणसाने किती नीट वागावं यालाही काही सुमार असतो.

चौथ्या तपासणीत मात्र मासा गळाला लागला. परतीच्या विमानतळावरच्या जाडजूड तपासनीसाने झाकण उघडलं आणि पाचशे ग्रॅमचं वजन सरळ उघड्या पंज्यात उचललं. मिलिग्रॅमचा जीव एकीकडे कळवळला आणि दुसरीकडे नाचायला लागला. आवाजात हात दिसत नाही हे त्याला बरोबर आठवलं, म्हणून त्याने फोनला ऐकू जाईल असं मोठ्याने विचारलं, "अहो, उघड्या हाताने धरलंत तुम्ही?"

"हो. मग काय झालं?"

"काही नाही, काही नाही. धरा तुम्ही."

तपासनीस त्याच्याकडे बघतच राहिला. बावीस वर्षांत पहिल्यांदाच मिलिग्रॅम वजनाला कोणी हात लावला म्हणून खूश झाला होता. विमानात त्याला बसवेना. खुलाशाची वाक्यं डोक्यात आपोआप जुळत होती, "सोबत जोडलेल्या ध्वनिमुद्रणावरून स्पष्ट होईल की..." आता बघू दे साहेबांना कोण हलगर्जी ते.

घरी पोचल्यावर त्याने चपलाही नीट काढल्या नाहीत. बायकोला मशीनवरून उठवून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं, इअरफोनची एक बाजू तिला दिली, एक स्वतः घेतली.

"ऐक. जिवाचा कान करून ऐक."

बायकोला आवाजाचं ज्ञान होतं. मशीनची सुई बोथट झालीय हे ती खोलीच्या दुसऱ्या टोकाहून सांगायची. तिने डोळे मिटून ऐकलं. "हो. मग काय झालं?" आलं तेव्हा मिलिग्रॅमने टेबलावर थाप मारली.

"सापडला की नाही?"

"सापडला," ती हसून म्हणाली. "शाबास." आणि मग तिचा चेहरा बदलला. "हे काय वाजतंय?"

"कुठे काय?"

"नंतर. किच् किच् किच् असं. बराच वेळ."

मिलिग्रॅमने मागे नेऊन पुन्हा लावलं. "ते होय. ते मी पुसतोय. त्याने हात लावला होता ना."

"कशाने पुसताय?"

"रुमालाने. थोडंसंच. परक्याने हात लावला की मला आपलं..." तो बोलता बोलता थांबला.

"चष्मा पुसता तसंच वाजतंय," बायको हळूच म्हणाली. "तुमच्या चष्म्यावर रेघा पडतात तेव्हा मी काय म्हणते?"

त्याने पहिलं रेकॉर्डिंग लावलं. बाईंच्या हातमोज्यांनंतर, पेटी बंद व्हायच्या आधी, किच् किच् किच्. दुसरं लावलं. तिसरं लावलं. तिथे तर बाईंनी वजनाला स्पर्शही केला नव्हता, लांबून बघून "ठीक आहे काका" म्हटलं होतं, तरी नंतर किच् किच् होतंच. त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत वेळ मोजली. सव्वीस सेकंद. बावीस वर्षं, दर प्रवासात, कधी चारदाही.

आणि मग त्याने पत्र काढलं. हाताच्या घामाने आणि तेलाने वजन वाढतं. कमी होत नाही. कामावर नवा माणूस आला की पहिल्या दिवशी मिलिग्रॅम त्याला हेच शिकवायचा. पत्रात "कमी" हा शब्द पहिल्याच ओळीत होता. गेले तेरा दिवस तो शब्द त्याच्या डोळ्यांसमोर होता, आणि दर वेळी त्याची नजर त्यावरून घसरून "हलगर्जीपणा" या शब्दावर जाऊन बसत होती.

"ते पुसायचं तेवढं कापता येईल का त्यातून?" बायकोने विचारलं. ती त्याच्याकडे न बघता विचारत होती. "फक्त तो जाड्या ठेवायचा."

"येईल."

"मग?"

"साधारण खरं होईल," मिलिग्रॅम म्हणाला. त्याला हसायचं होतं, पण जमलं नाही. बायकोने त्याच्या हातावर हात ठेवला.

सोमवारी त्याने चारही रेकॉर्डिंग आणि दोन ओळींचा खुलासा साहेबांच्या टेबलावर ठेवला. वजन माझ्या रुमालाने झिजले. तपासणी कर्मचाऱ्यांचा दोष नाही.

साहेब त्याच्यापेक्षा वयाने लहान होते. त्यांनी खुलासा दोनदा वाचला. "हे तुम्ही दिलं नसतं तर कोणाला कळलं नसतं."

"काट्याला कळलंच होतं, साहेब."

पेटी काढून घेतली. सहीच्या वेळी मिलिग्रॅमने प्रत्येक वजन ब्रशने झटकून मखमलीत ठेवलं, आणि पेटी घेणाऱ्याला सांगितलं की कोणी काही केलं तरी रुमाल म्हणून खिशातून काढायचा नाही. त्या माणसाला वाटलं हा नियमच असेल, आणि त्याने तसं वहीत लिहूनही घेतलं.

पुढच्या महिन्यात जुन्या गिऱ्हाइकांची कागदपत्रं सोपवायला मिलिग्रॅमला शेवटचा एक प्रवास करावा लागला. हातात नुसती कापडी पिशवी. मांडी रिकामी कशी वाटेल याचाच विचार करत तो रांगेत पोचला, आणि फोन ट्रेमध्ये ठेवताना सवयीने रेकॉर्डिंग चालू करून बसला. आता कशाला, हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

पलीकडे बाई उभ्या होत्या. "बरं आहे ना, काका?"

"मजेत," मिलिग्रॅम म्हणाला, आणि पट्टा घालून पुढे गेला. पिशवी कोणी उघडली नाही. सगळं पाऊण मिनिटात आटोपलं.

गेटजवळच्या त्याच खुर्चीवर बसून त्याने कानात इअरफोन घातले. घरघर आली. घरघर थांबली.

"पेटीवाले काका आलेत," बाईंचा आवाज. "नवे हातमोजे काढ."

रबर ताणल्याचा आवाज झाला. मग नुसता यंत्राचा पट्टा सरकत राहिलेला.

"पेटी नाहीये, मॅडम. पिशवीच आहे फक्त."

"नीट बघ."

"नाहीये."

"बरं. राहू दे. तू काही विचारू नकोस हं त्यांना. मी विचारते, बरं आहे का म्हणून."

पुढे त्याचा स्वतःचा आवाज आला, मजेत म्हणणारा. चांगला ठणठणीत वाटत होता. त्याच्यानंतर पावलं लांब जात गेली, आणि आणखी मागे कुठेतरी हातमोजे काढून डब्यात टाकल्याचा आवाज झाला. मिलिग्रॅमने चष्मा काढला. काचा भरून आल्या होत्या. खिशातला रुमाल अर्धा बाहेर काढून त्याने परत आत ठेवला, आणि काचा आपोआप सुकेपर्यंत चष्मा हातात धरून बसून राहिला.