संपणारी जादू

आमच्या जैनथकडच्या वेचणीत एक रीत होती. कापूस वेचताना जी गोष्ट सांगेल तिचे हात मागे पडणारच; म्हणून गोष्ट रंगली की बाकीच्या बाया आपल्या ओटीतला मूठ-मूठ कापूस तिच्या ओटीत टाकायच्या. वीस वर्षं हा मान मनकर्णाकाकूचा. तिच्या गोष्टीतला जोगी मंत्र फुंकायचा की डोंगर हलायचा, राजकन्येचा दगड व्हायचा. ही जादू येते कुठून, असं कुणी कधी विचारलं नाही.

मग गावात टीव्ही आला. त्यात बोटांतून आग निघायची, माणसं ढगावर उभी राहायची. ब्याण्णवच्या हंगामात काकूनं जोग्याला डोंगरापाशी आणलं, तर भागाबाई म्हणाली, आता हा फुंकणार अन् डोंगर हलणार, आमाले ठाऊक हाये. बाया हसल्या. त्या दिवशी काकूच्या ओटीत एकही मूठ पडली नाही. मीही टाकली नाही, आणि त्याची लाज मला अजून वाटते. काकूनं तोंड मिटलं ते दोन हंगाम. खाली मान घालून वेचायची, कुणाशी बोलायची नाही. मला तर ती अर्धी झाल्यासारखी वाटायची.

चौऱ्याण्णवच्या दिवाळीत ती आदिलाबादला लेकाकडे गेली. त्यानं, नागनाथनं, तिथं व्हिडिओ गेमचं दुकान टाकलं होतं. खेळणाऱ्या पोरांच्या मागं स्टूल घेऊन म्हातारी तीन दिवस बसली म्हणे, कीर्तनाला बसावं तशी.

परत आली आणि पहिल्याच दिवशी वाकल्या-वाकल्या आपणहून सुरू झाली. या खेपेला जोगी नव्हताच. एक राणी होती, जादू तिच्याच अंगात. पण वापरली की कमी व्हायची.

"जादू कशी संपल वं?" भागाबाईनं विचारलं.

"वेचल्याबिगर ओटी भरते काय?" काकू म्हणाली. "जमवा लागते. खर्चली का पुन्हा जमवा लागते. नागनाथच्या त्या खेळाच्या डब्यात म्या डोळ्यानं पाह्यलं."

असली जादू आम्हाला कळत होती. राणीची लेक सात दारांआड कोंडलेली. एकेक दार उघडताना राणीची जादू सरत गेली, आणि सातव्या दारापाशी ती पार रिकामी झाली. आतून लेक हाक मारत होती. इथं काकू थांबली. पुढं काय सांगावं, तिलाही ठाऊक नसावं. तिचे हात बोंडावर तसेच राहिले.

भागाबाई आपली ओळ सोडून आली. ओटीतून भरली मूठ काढून तिनं काकूच्या ओटीत टाकली.

"घे," ती म्हणाली, "दे तिले."

मग कौशल्याबाईनं टाकली, द्वारकाबाईनं टाकली. मी दोन टाकल्या, एक ब्याण्णव सालची. काकूनं पदरानं डोळे पुसले आणि सातवं दार उघडलं.