पाण्याला उकळी येईपर्यंत

सरकारी कामावरच्या माणसाचा अर्धा जीव परतीच्या मोटारीत अडकलेला असतो. समुद्रपूरच्या दवाखान्यातली तरुण नर्स कमलाही तशीच. हाताने चपळ, बोलायला गोड. पण दिवस कलला की तिचे कान हॉर्नकडे लागत.

जाम गावच्या तानाबाईच्या घरी बाळाची नाळ पिढ्यान्‌पिढ्या विळ्याने कापत. कमलानेच तिला पटवले, "विळा नको. मी माझी कात्री उकळून घेईन. बाळाला धोका राहणार नाही."

तानाबाईने विळा छपरात खोचला आणि सुनेला, पंचफुलाला, म्हणाली, "बाई शिकलेली हाये. तिचंच आयकू."

पंचफुला मोकळी झाली. मुलगा झाला! कात्री चुलीवरच्या पातेल्यात होती, पण पाणी अजून नुसते कोमट होते. नाळ कापायला थोडे थांबले तरी चालते, हे कमलाला ठाऊक होते. तेवढ्यात सडकेवर हॉर्न वाजला. 'एका वेळेने काय होतंय!' असे मनाशी म्हणून तिने कात्री उचलली आणि नाळ कापली.

मोटार मिळाली.

आठवडाभरात बाळाने दूध सोडले. जबडा मिटला, इवलेसे अंग ताठ झाले, आणि ते गेले.

"धनुर्वात," दवाखान्यातल्या वडीलधाऱ्या नर्स लीलाबाई म्हणाल्या. "कात्री उकळली होती ना वं?"

कमलाचा बांध फुटला. रडत रडत तिने सारे सांगितले. "तिथे मला कोणी विचारलंच नाही, बाई. तानाबाई म्हणतात, सुनेचा पायगुण वाईट. तिला माहेरी धाडताहेत. मी नोकरी सोडते."

"वा! तू सुटशील, अन् ते पोरगी तुहा दोष जलमभर डोक्यावर घेऊन फिरन? उकळीची वाट पाह्यनं हे तुहं काम होतं. आता खरं सांगनं हेही कामच हाये. जाय!"

कमला जामला गेली. पंचफुला दारात गाठोडे घेऊन बसली होती. तिची चोळी दुधाने भिजली होती. कमलाने काही न लपवता सांगितले.

"मंग आमचा विळा काय वाईट होता?" तानाबाई कडाडली. "पुन्हा या दारात येजो नको!"

पंचफुलाने मात्र मान वर केली. "मंग... माह्यापायी नाई ना गेला तो?"

"नाही गं! तुझ्यामुळे नाही!"

पंचफुलाचा इतके दिवस दाबलेला हुंदका तेव्हा फुटला. तानाबाई सुनेकडे पाहत राहिली. मग तिने गाठोडे उचलून घरात नेले.

पुढे कमलाच्या हाताची तालुक्याला खात्री वाटू लागली. हॉर्न वाजत, मोटारी निघून जात. ती चुलीपुढे बसून पाणी खळखळताना पाहत राही.

वाचकहो, नोकरी शिक्षणाने मिळते. पण कोणी पाहत नसतानाही काम पुरते करण्याची सवयच माणसाला त्या नोकरीच्या लायक करते. आणि चूक झालीच तर ती स्वतःच्या पदरात घ्यावी. नाहीतर ती एखाद्या निष्पाप जीवाच्या माथी बसते. कमला हे शिकली. जामचे ते बाळ त्याआधीच गेले होते.