कॉर्नेलियुसच्या फोटोतली माणसं

कॉर्नेलियुस शुक्रवारी दुपारी गेला, आणि शनिवारी अकराला बिश्केकहून पर्यटकांची बस यायची होती. जस्टीनाला भावाचा जरा रागच आला. एक्याऐंशी वर्षांत त्याने कधी कशाची घाई केली नव्हती.

किर्गिझस्तानातल्या लिंडेनबाख गावातली जर्मन घरं एकेक करत जर्मनीला निघून गेली होती. उरले होते हे दोघं, आता एकच. तरी दर शनिवारी लोक ‘जर्मन गाव’ बघायला येत. धुरी दिलेलं मांस, आलुबुखारचा केक, प्रार्थनाघर, आणि शेवटी बाकावर बसलेला कॉर्नेलियुस.

या लोकांत रीत अशी, की माणूस गेला की शवपेटी अंगणात उघडी ठेवायची, सगळं गणगोत भोवती उभं करायचं आणि फोटो काढून दूरच्या नातलगांना पाठवायचा. आईच्या फोटोत मागची रांग शिडीवर उभी होती. गावातल्याच पेटर वीबच्या फोटोत मात्र नऊ माणसं आणि एक बकरी. पेटर सज्जन होता, पण त्या फोटोनंतर ते कोणाला पटेना.

जस्टीनाला कॉर्नेलियुसचं असं व्हायला नको होतं. रात्रभर तिला दुसरं काही सुचलं नाही.

शेजारच्या तेमिरबेकने पेटी बनवली होती. तो म्हणाला, “काकू, मी उभा राहतो की. बायकोलाही बोलावतो.”

“मग फोटो कोण काढणार? आणि जर्मनीत फोटो लेनाच बघणार, ती तुला ओळखते. लहानपणी तू तिचे जर्दाळू चोरायचास.”

“अजून लक्षात आहे तिच्या?”

“दर फोनला विचारते.”

बस आली. त्यातून नेदरलँड्सचे सतरा निवृत्त पोस्टमन उतरले. त्यांना आणणारी ऐझादा पेटी बघून फाटकातच थबकली.

“आजी, हे काय?”

“कॉर्नेलियुस.”

“अगं बाई. परत नेऊ का यांना?”

“जेवण तयार आहे. आधी फोटो, मग जेवण. काळे कोट आहेत का विचार.”

ऐझादा विचारून आली. “काळे नाहीत. निळे रेनकोट आहेत, सतराही सारखे.”

“फोटो काळा-पांढरा काढतो,” तेमिरबेक म्हणाला. “निळं कळणार नाही.”

“आजी, एक जण विचारतोय, आजोबा खरे आहेत का?”

“त्याला सांग, कालपर्यंत जास्त खरे होते.”

पोस्टमन रांगेत उभे राहिले. कॅमेरा समोर आला की हसायची सवय असल्याने पहिला फोटो वाया गेला. दुसऱ्या वेळी ऐझादाने दम भरला. तेव्हा मागच्या उंच पोस्टमनने जस्टीनाच्या खांद्यावर हात ठेवला. तसं करायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

मग चौघांनी पेटी उचलली. आयुष्यभर ओझी वाहिलेली माणसं ती. टेकडीवरच्या कबरस्तानापर्यंत कुठे टेकवली नाही. परत येऊन सगळे गुपचूप जेवले, आणि केक दोनदा घेतला.

सोमवारी जर्मनीहून लेनाचा, म्हणजे भाचीचा, फोन आला.

“आत्या, फोटो पोचला. केवढी माणसं गं! मागे उंच उभा आहे तो याकोबकाकांचा मुलगा ना? अगदी बापाचं नाक.”

“तोच.”

“आम्हाला वाटायचं, तुम्ही दोघंच पडला आहात तिथे. काकांचं कळल्यावर तुझ्यासाठी खोलीसुद्धा रिकामी केली होती. पण फोटो बघून हे म्हणाले, एवढ्या गोतावळ्यातून म्हातारीला उपटून इथे चौथ्या मजल्यावर कशाला आणायचं? तूच सांग, आत्या. येतेस का?”

जस्टीनाने भिंतीकडे पाहिलं. फोटो तिने तिथे लावला होता. खरं सांगितलं, तर कॉर्नेलियुसभोवती ती एकटीच उरणार होती.

“आत्या, ऐकतेस ना?”

“ऐकतेय,” जस्टीना म्हणाली. “खोली देऊन टाका कोणाला तरी. इथे पाय ठेवायला जागा नाही.”