आत्याची सुरगाठ

टिल्लीची आई अकरा वर्षं बुटांच्या दुकानात, लहान मुलांच्या विभागात कामाला होती. दिवसभर गुडघ्यांवर बसायचं, जगाच्या पोरांचे पाय मांडीवर घ्यायचे आणि नाड्या बांधून द्यायच्या. तिची सुरगाठ अशी, की पोर कितीही हुंदडलं तरी सुटायची नाही आणि घरी जाऊन टोक ओढलं की झटक्यात मोकळी. मालक नव्या मुलींना सांगायचा, हिचे हात बघा.

आणि स्वतःच्या पोरीला? तिला "येत्या सुट्टीला शिकवते" म्हणता म्हणता सहा महिने झाले. सुट्टी यायची आणि धुणीभांडी-बाजारहाटात कुठल्या कुठे जायची. सहा वर्षांची टिल्ली बिचारी बूट घेऊन मागे मागे फिरायची.

एका मंगळवारी आई घरी येते न येते तोच टिल्लीने तिला दारातच अडवलं. खाली बसली, दोन नाड्यांचे सशासारखे दोन कान केले, एकमेकांत अडकवले, ओढले. झाली सुरगाठ! मग सोडली, पुन्हा बांधली. आत्याने एका दुपारात शिकवलं म्हणाली.

आईने तोंडदेखलं "वा गं वा" केलं, पण आतून जळून खाक झाली. नणंद शिलाई मशीनवर बसून गालातल्या गालात हसत होती, निदान हिला तरी तसं वाटलं. आता खरं सांगायचं तर नणंद वाईट नव्हती. लग्न केलं नव्हतं, घरीच कपडे शिवायची, पोरीला शाळेत न्यायची-आणायची, भरवायची. पण दुखणं तेच तर होतं. पोरीचा पहिला दात पडला तो आत्यासमोर. सायकल चालवता आली ती आत्याचा हात धरून. सुरगाठ तेवढी आपल्या हक्काची, असं हिने मनाशी धरलं होतं. तीही मेलीने पळवली.

गुरुवारी हिने मुद्दाम रजा टाकली आणि पोरीला पुढ्यात बसवलं. असले ससेबिसे बाळांसाठी असतात, असं ठणकावून सांगितलं. एकच फास करायचा, दुसरी नाडी त्याला गुंडाळायची, खालून ओढून काढायची. टिल्लीची बोटं अडखळायची, दर वेळी निरगाठ बसायची, ती आई नखांनी सोडवायची आणि पुन्हा पहिल्यापासून. चौथ्या निरगाठीला टिल्लीचे डोळे भरले.

"वहिनी, तिला जमतंय ना तिच्या पद्धतीने," नणंद हळूच म्हणाली. "राहू दे की."

हिला निमित्तच हवं होतं. "माझ्या पोरीला काय शिकवायचं ते मी बघेन. एवढीच हौस असेल तर स्वतःचं पोर आण आणि शिकव त्याला."

मशीन थांबलं. बोलून गेल्यावर हिलाही चटका बसला, पण शब्द मागे घेईल तर शपथ.

त्यानंतर रोज सकाळी टिल्ली दारात बसून आईच्या पद्धतीने नाड्या बांधू लागली. वेड्यावाकड्या, सैलसर, पण आईच्या. आई दुकानात सगळ्यांना सांगत सुटली, माझी पोरगी माझ्यासारखीच बांधते म्हणून.

पुढच्या बुधवारी आत्या-भाची शाळेला निघाल्या आणि पाण्याची बाटली टेबलावरच राहिली. आई बाटली घेऊन जिन्याने धावली. पहिल्या मजल्याच्या वळणावरच तिचे पाय थांबले. टिल्ली शेवटच्या पायरीवर बसली होती. आईने शिकवलेली सुरगाठ तिने ओढून सोडली आणि भराभर दोन कान केले.

"अगं, राहू दे ना आईची," आत्या म्हणत होती.

"ती खेळताना सुटते," टिल्ली म्हणाली. "घरी येताना परत आईची बांधते ना मी. तू सांगू नकोस हं, तिला वाईट वाटतं."

आत्याने मान डोलावली आणि दोघी हात धरून फाटकाबाहेर पडल्या.

आई बाटली हातात घेऊन तशीच उभी राहिली. हाक मारायची म्हणजे आपण सगळं पाहिलं हे पोरीला कळणार. दात आत्याचा, सायकल आत्याची, आणि आता त्या दोघींचं एक गुपितही झालं होतं. ते मात्र आत्याने पळवलं नव्हतं, हिनेच त्यांना दिलं होतं.