चिमीचे केस

"अहो काका, खरूज नाहीये हिला! किती वेळा सांगू?"

"खरूज न्हाई, तर मग केस कुटं गेलं?"

"नव्हतेच हिला केस कधी!"

"म्हंजे? मांजर हाय का बेडूक?"

बाकावर आपापली कुत्री धरून बसलेले तिघं फिस्कन हसले. डॉक्टर तनुजा हसली नाही. वय असेल पंचविशीचं, पण आवाज असा की समोरच्याने आपोआप हात मागे बांधावेत. तिने टेबलावरची मांजर उचलून ज्योतीरामच्या नाकासमोर धरली. उघडीवाघडी, सुरकुतलेली, भाजून सोललेल्या वांग्यासारखी. कान मात्र वटवाघळाचे. अख्ख्या दवाखान्यात करंजतेलाचा वास भरला होता.

"तेल रोज चोळता?"

"रोज न्हाई. एक दिवसाआड. मधल्या दिवशी कडुलिंबाच्या पाल्याचं पाणी."

"किती दिवस?"

"आठ महिनं झालं की."

तनुजाने डोळे मिटून एक लांब श्वास सोडला. "काका, ही जातच अशी असते. स्फिंक्स म्हणतात. अख्ख्या पुण्यात दहा-वीस मिळाली तर मिळतील. आणि तुम्ही तेल चोळून चोळून तिची कातडी सोलवटून ठेवलीय. आजपासून सगळं बंद."

ज्योतीरामने मान हलवली, पण पटलं नव्हतं. पोरगी नवीन आहे, शिकेल हळूहळू, असा त्याचा चेहरा. कारण केस येतात हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. डिसेंबरात एका रविवारी उन्हात तिला मांडीवर घेऊन, चष्मा लावून बघत बसला होता, तर पाठीवर पीच फळावर असते तशी बारीक लव चमकली. दुसऱ्या दिवशी गडी कंपनीच्या गेटवर पाव किलो पेढे घेऊन हजर. "कशाचे पेढे?" तर म्हणे चिमीला केस आले. सिक्युरिटीतली पोरं आठवडाभर हसत होती. पेढे मात्र सगळ्यांनी खाल्ले.

ज्योतीराम चाकणच्या एका गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत गेटवर होता. बावीस वर्षं. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, पोरबाळ नाही, रहाटणीत पत्र्याची एक खोली. आठ महिन्यांपूर्वी स्क्रॅप यार्डात, गंजक्या पिंपामागे, ही त्याला दिसली. थरथरत होती. आधी वाटलं उंदीर, मग वाटलं भाजलेलं पिल्लू. डब्याच्या पिशवीत घालून घरी आणली. जुन्या लोकरी मोज्याचा पंजा कापून, चार भोकं पाडून तिला स्वेटर केला. गल्लीतली पोरं टकली म्हणायची. पोरांच्या मागे तो चप्पल घेऊन धावायचा.

तनुजाने मांजरीच्या मानेजवळून एक छोटं मशीन फिरवलं. टीं वाजलं.

"हे बघा. चिप आहे. तांदळाएवढी, कातडीखाली. नंबर आलाय. म्हणजे ही कुणाची तरी आहे, काका. ब्रीडर शोधायला हवा. ब्रीडर म्हणजे जो ही जात वाढवतो तो. त्याच्याकडे नोंद असणार."

"नंबर काय म्हनला?"

तिने कागदावर पंधरा आकडे लिहून दिले. तो कागद खिशात गेला आणि ज्योतीरामची झोप गेली.

दुसरा कोणी असता तर कागद चुरगाळून फेकला असता. कोण विचारतंय? पण या माणसाची बावीस वर्षं गेटवर गेलेली. गेटपास नसेल तर साधा नट बाहेर जाऊ द्यायचा नाही. एकदा खुद्द मॅनेजरचा रिकामा पुठ्ठ्याचा खोका त्याने अडवून ठेवला होता, पास येईपर्यंत अर्धा तास. आणि त्याच गेटातून त्याने स्वतः, डब्याच्या पिशवीत लपवून, नंबर असलेला जीव बाहेर काढला होता. बिनापासचा.

"अरे मांजर हाय ती, इंजिन हाय का?" शेजारचा साहेबराव म्हणाला. साहेबराव रिक्षा चालवायचा आणि सगळ्या जगाला अक्कल शिकवायचा. "गप ऱ्हा. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय ना."

"मंग मर. शोध तुजा ब्रीडर. न्हेईल तो उचलून, मंग बस रडत."

तनुजाने तिच्या ग्रुपवर विचारून तीन नंबर काढून दिले. पहिला हिंजवडीचा. त्याने नमस्कार ऐकायच्या आधीच विचारलं, "बजेट किती आहे सर?" ज्योतीराम म्हणाला मला विकत नको, माझ्याकडे आहे. तर तो म्हणे, "मग मेल आहे की फिमेल? आपण डील करू." फोन कट. दुसऱ्या बाईने पंधरा आकडे ऐकून घेतले आणि शांतपणे विचारलं, "कुठून चोरली?" त्या फोनवर ज्योतीराम जे बोलला ते साहेबरावालासुद्धा नवीन होतं.

तिसरा मोशीचा. रणजीत नावाचा. आकडे अर्धेच सांगून झाले होते.

"थांबा काका. डावा कान जरा चिरलेला हाय का? टोकाला?"

ज्योतीरामने मांडीवर बघितलं. बघायची गरज नव्हती खरं तर.

"हाय," तो म्हणाला.

पलीकडे रणजीतने फोन बाजूला धरून हाक मारली, "आईऽ, खाली ये जरा."

शुक्रवारी दुपारी साहेबरावच्या रिक्षातून तिघं मोशीला निघाले. ठरलं असं की ज्योतीराम भेटून, मांजर आपल्या नावावर लिहून घेऊन, मोशीच्या चौकात कंपनीची बस पकडणार, सेकंड शिफ्टला. आणि चिमीला साहेबराव परत रहाटणीला नेणार. चावी दिलेली, दूध झाकून ठेवलेलं.

"अन् न्हाई दिली तर?" साहेबरावने आरशातून विचारलं.

"का न्हाई देनार?"

"त्याची हाय म्हनून."

"रस्त्याकडं बघ."

चिमी मोज्याच्या स्वेटरमध्ये, युनिफॉर्मच्या दोन बटणांमधून डोकं बाहेर काढून बघत होती. सिग्नलला एका बाईने बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. ज्योतीरामने तिला खुन्नस दिली.

रणजीतचं घर म्हणजे मोशीतल्या जुन्या शेतकऱ्याचं नवं घर. जमिनीचे पैसे आले की दिसतं तसं. तीन मजले, खाली ट्रॅक्टर, वर सोलर, आणि गेटवर सिंहाची दोन तोंडं. रणजीत तिशीतला, गळ्यात चेन, पण बोलायला गरीब. "या काका. आधी पाणी घ्या," म्हणाला आणि मांजरीकडे बघतच राहिला. हात लावला नाही. ते ज्योतीरामला आवडलं.

"पयलं हिच्या केसाचं सांगा," ज्योतीराम म्हणाला. "काय औषध करायचं?"

रणजीतने त्याला वरच्या मजल्यावर नेलं. एक खोली, उबदार, कोपऱ्यात पिवळा दिवा लावलेला. आणि खोलीभर चिमीच चिमी. गुलाबी, करडी, ठिपक्यांची, सगळी उघडी. एक खिडकीत, एक कपाटावर, चार एकमेकांच्या अंगावर ढीग करून दिव्याखाली.

"सगळ्यांनाच?" ज्योतीरामच्या तोंडून गेलं.

खोलीत खाली बसलेल्या बाईने वर बघितलं. रणजीतची आई, प्रभावती. साठीची, नऊवारीतली, मांडीवर टॉवेल. तिने टॉवेलमधून काहीतरी काढलं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं. चार दिवसांचं पिल्लू, डोळे मिटलेले, अंगठ्याएवढं. गरम. एकही केस नाही.

"जल्मताच अशी?"

"व्हय. पयलं वेत झालं तवा आमच्या सासूबाईंनी देवाला नारळ फोडला. म्हनल्या, घराला काय लागलं गं हे!"

ज्योतीराम हसला नाही. तो पिल्लाकडे बघत होता. आठ महिने. एक दिवसाआड तेल, एक दिवसाआड पाणी. चिमी ओरडायची, बोचकारायची आणि तो तिला घट्ट धरून म्हणायचा, सोस बाई, बरं वाटंल. बरी तर ती पहिल्यापासूनच होती.

युनिफॉर्मच्या आत हालचाल झाली. चिमीने डोकं बाहेर काढलं, नाक वर करून खोलीचा वास घेतला.

"किलू," प्रभावती हळूच म्हणाली.

जन्मनोंदीच्या कागदावर तिचं नाव लांबलचक इंग्रजी होतं. ते काही प्रभावतीच्या जिभेवर बसलं नाही, म्हणून किलू. चिमीने त्या दिशेने कान फिरवले. मग बटणांतून सरळ खाली उडी मारली, स्वेटरसकट, तुरुतुरु चालत गेली आणि प्रभावतीच्या मांडीवरून तिच्या खांद्यावर चढून बसली. जागा ठरलेली असल्यासारखी. प्रभावतीने पदराने डोळे पुसले.

रणजीतने जिन्यात उभं राहून सगळं सांगितलं. किलू या घरातच जन्मलेली. दोन वर्षांपूर्वी चाकणच्या एका कंपनीतल्या परदेशी साहेबाला दिली. बोली अशी की नकोशी झाली तर रस्त्यावर सोडायची नाही, इथेच परत आणायची. साहेबाची बदली झाली. तो शब्दाला जागला, ड्रायव्हरच्या हातात पिंजरा दिला, मोशीला पोचव म्हणाला. ड्रायव्हर आलाच नाही. वाटेत निसटली म्हणाला. "आई महिनाभर हायवेच्या कडंनं हिंडत होती हाका मारत. लोकं म्हनायची म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झाला."

ज्योतीराम भिंतीचा रंग बघत होता.

"पन काका, तुमी नसता तर ती यार्डातच गेली असती. आठ महिनं केलंय तुमी. मला तोंड न्हाई मागायला." रणजीतने खिशातून घडी केलेला कागद काढला. "तुमच्या नावानं लिहून ठेवलंय. चिपबी तुमच्या नावावर करतो. आईला मी सांगितलंय, ती काय बोलनार न्हाई."

कागद इंग्रजीत होता, पण नाव मराठीत लिहिलं होतं, पूर्ण. खाली सही, शिक्का. यासाठीच तो आला होता. साहेबराव खाली रिक्षात बसलेला, दूध घरी झाकलेलं. आत जाऊन उचलायची, शर्टात घालायची, झालं.

तो आत गेला.

प्रभावतीने चिमीचा स्वेटर काढला होता आणि तो नीट घडी करून शेजारी ठेवला होता. ताटलीत काहीतरी उकडलेलं बारीक करून दिलेलं, आणि चिमी खात होती. मान खाली घालून, गुरगुरत, एकदाही मागे न बघता. रहाटणीत ती अशी कधी खायची नाही. एक घास, मग दाराकडे बघ, मग एक घास. सेकंड शिफ्टला तो दुपारी गेला की मध्यरात्री यायचा, तोवर पत्र्याच्या खोलीत एकटी. शेजारची सांगायची, तुमची टकली रडती ओ तुमी गेल्यावर. त्याला वाटायचं, खाज सुटत असेल.

दोन करड्या मांजरी येऊन तिला हुंगून गेल्या. तिने फिस्कारलं नाही. खाऊन झाल्यावर ती दिव्याखालच्या ढिगात शिरली आणि कुठली ती, कुठल्या बाकीच्या, हे क्षणभर त्यालाही ओळखू आलं नाही. मग चिरलेला कान दिसला.

प्रभावती उठून उभी राहिली. तिने ढिगाकडे हात नेला, त्याच्यासाठी उचलायला.

"ऱ्हाऊ द्या," ज्योतीराम म्हणाला.

"अवो, न्हेत असाल तर न्ह्या. माझं काय न्हाई. दिसली जिती, मिळालं मला."

"ऱ्हाऊ द्या म्हनतो ना!" तो एकदम ओरडलाच. पिल्लू टॉवेलात चुळबुळलं. त्याने आवाज खाली आणला. "माजी शिफ्ट असती. खोली पत्र्याची. थंडीत गार, उन्हात तापती. इथं बरं हाय."

त्याने हातातला कागद दारात आलेल्या रणजीतकडे दिला.

"तेवढं नाव बदलून आईचं घाला."

खाली साहेबरावने हॉर्न दिला. एकदा, मग लांबलचक.

"चा टाकलाय," प्रभावती म्हणाली. "घटकाभर बसा की."

"तेल लावू नका," ज्योतीराम म्हणाला. मग स्वतःच ओशाळला. "तुमाला म्हाईतच हाय म्हना. पाठीवर जरा सोलवटलंय, ते माज्यामुळं. डाक्तरणीनं मलम दिलंय, पाठवून देतो साहेबरावसंगं. अन् झोपताना पोटाशी लागती. पाठीशी न्हाई, पोटाशीच."

"आमच्याकडं खांद्यावर झोपायची."

"आता पोटाशी लागती. सवय झालीया."

"घेईन पोटाशी."

"अन् चिमी म्हनलं तर वळती. किलू म्हनल्यावरबी वळती, आता बघितलं मी. पन कधी न्हाई वळली तर चिमी म्हना."

"चिमी," प्रभावतीने म्हणून बघितलं. ढिगातला चिरलेला कान हलला.

ज्योतीरामने शर्टाची दोन बटणं लावली. ड्युटीवर जाण्याआधी मांजर पाळणारा कुठलाही माणूस केस झटकतो तसा युनिफॉर्म पुढून झटकला. झटकण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

"चौकात बस आली असंल," तो म्हणाला. "निघतो मी."